धरून राहिलेली चाके

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो. नांदेडहून विष्णुपुरीकडे निघालात की वाटेत पत्र्याचे उंच कुंपण लागते. त्याच्या आत भंगाराचे आवार आहे. तिथे एक मोडका ट्रॅक्टर आणि बिनचाकांची रिक्षा यांच्या मधे मी उभी आहे. माझा रंग एकेकाळी पांढरा होता. आता तो कोणता आहे, ते मलाही सांगता यायचे नाही.

कुंपणापलीकडून लातूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज दिवसभर येतात. त्यातली केळीने भरलेली गाडी मला आवाजावरून ओळखू येते. रिकामी गाडी खड्ड्यात आदळते. भरलेली गाडी खड्ड्यात बसते आणि हळूच उठते. मीही अशीच बसत-उठत त्या रस्त्याने गेले आहे, किती वेळा ते मोजलेले नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवसांतले मला फारसे आठवत नाही. ठिणग्या आठवतात आणि ताज्या रंगाचा वास आठवतो. माझी खरी आठवण सुरू होते ती अर्धापूरजवळच्या एका गावातल्या अंगणापासून. तिथे मला नरसिंगने आणले. तोवर तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. स्वतःची गाडी त्याच्या घराण्यात पहिल्यांदा येत होती, आणि ती मी होते.

मी अंगणात शिरले तेव्हा त्याची बायको नागुबाई हात पुसत बाहेर आली. त्या दिवशी पौर्णिमा होती, तिचे उपोसथाचे व्रत होते, म्हणून ती पांढऱ्या साडीत होती. तिने माझ्यासमोर मेणबत्ती लावली. घरातल्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटले आणि माझ्या आरशाला पाच रंगांचा छोटा झेंडा बांधला.

शेजारचे बसलिंगप्पा त्यांच्या ओट्यावरून हे सगळे बघत होते.

"नरसिंग, लिंबू-मिरची तरी बांध की रे. नवी कोरी हाय. नजर लागंल."

"लिंबू बांधलं तरी ब्रेक मलाच दाबायचा हाय ना, आप्पा," नरसिंग म्हणाला. यावर बसलिंगप्पाच आधी हसले.

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. मळ्यातून केळीचे घड भरायचे आणि लोहा, अहमदपूर करत लातूरच्या मंडईत न्यायचे. घड दुखावू नयेत म्हणून नरसिंग माझ्या हौद्यात केळीचाच ओला पाला अंथरायचा. आई तान्ह्याखाली दुपटे घालते ना, तसा. माझ्यातून उतरलेल्या मालाला डाग नसतो, असे लातूरचे हमाल म्हणायचे. ते ऐकले की मला बरे वाटे. गाडीला बरे वाटते का, असे तुम्ही विचाराल. वाटते, मित्रांनो.

नरसिंगला हँडब्रेकचे वेड होते. एकदा मंडईत माल उतरताना मी आपोआप दोन हात मागे सरकले आणि एका चहाच्या गाड्याला जाऊन टेकले. कोणाला लागले नाही, चार कप तेवढे फुटले. पण त्या दिवसापासून तो हँडब्रेकचा दांडा पार शेवटच्या दातापर्यंत ओढू लागला. कर्रर्र असा आवाज मंडईभर जाई.

"नरसिंगभाऊ, गाडी हाय का म्हैस?" हमाल त्याला चिडवायचे. "येवढी कामून बांधून राहिले?"

"गाडी इंजिनानं जाती," तो म्हणायचा, "पर घरी ब्रेकनं येती."

तो नुसता ओढायचा नाही, निगाही राखायचा. मधून मधून माझी मागची चाके उघडायचा, आतली धूळ झटकायचा, तारेला ग्रीस लावायचा. त्याची लेक लुंबिनी तेव्हा लहान होती. ती नट फिरवायचे पाने हातात देता देता शंभर प्रश्न विचारायची. म्हणून मलाही माझे पोट ठाऊक झाले. माझ्या मागच्या दोन चाकांत उलट्या पातेल्यासारखे लोखंडी ड्रम आहेत. त्यांच्या आत चंद्रकोरीसारखे दोन-दोन शू बसवलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर घासले जाणारे अस्तर, म्हणजे लायनर, चिकटवलेले असते. दांडा ओढला की एक तार त्या शूंना आतून ड्रमवर दाबून धरते. दांडा सोडला की स्प्रिंग त्यांना मागे घेते. धरणे आणि सोडणे, एवढेच त्यांचे काम.

लुंबिनी मोठी झाली आणि नांदेडला कॉलेजात शिकायला गेली. नरसिंगचे केस पांढरे झाले. माझी चासी दोनदा गंजली. चासी म्हणजे माझा कणा, ज्यावर सगळा भार असतो. दोन्ही वेळा त्याने लगेच जोड मारून घेतला. आम्ही दोघे बरोबरच म्हातारे होऊ लागलो होतो.

त्या दिवशीची फेरी नेहमीसारखीच होती. लातूरला माल उतरवून आम्ही परत निघालो. एरवी नरसिंग वाटेत माझ्याशी बोलायचा, पण लोहा ओलांडल्यावर तो गप्प झाला. खिडकी पूर्ण उघडी होती, तरी त्याला घाम फुटत होता. दुपारी आम्ही अंगणात शिरलो. त्याने इंजिन बंद केले आणि हँडब्रेक ओढला. शेवटचा दात लागेना. त्याने दुसरा हात घातला आणि तो लावलाच. मग दांड्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

नागुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "उतरता का न्हाई?"

"उतरतो," तो म्हणाला. "छातीत भरून आल्यावानी होऊन राहिलं."

मी दारात उभी होते. माझ्यात तेल होते, इंजिन अजून गरम होते. पण मला चालवणारे त्या घरात दुसरे कोणी नव्हते. गावात जीप शोधायला माणूस धावला. जीप मिळेपर्यंत वेळ गेला. तिने नरसिंगला नांदेडला नेले, आणि संध्याकाळी जीप परत आली तेव्हा तो तिच्यात बसलेला नव्हता, निजवलेला होता.

नागुबाई जीपमधून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. दार उघडून तिने त्या दांड्यावर हात ठेवला.

"ह्येला कोणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "हे त्यांनी लावलंय."

नरसिंगच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव घालायचा होता आणि मी नेमकी मधोमध. सगळी धावपळ नरसिंगच्या धाकट्या भावाच्या, आनंदराजच्या अंगावर होती. तो बिलोलीला एका कचेरीत नोकरीला असतो. भिक्खू यायची वेळ झाली होती. आनंदराजने इकडे तिकडे पाहिले, माझे दार उघडले आणि दांडा खाली केला. चौघांनी ढकलून मला कडुनिंबाखाली नेले. मग त्याने आत वाकून दांडा पुन्हा ओढला, अगदी शेवटच्या दातापर्यंत.

"जीपला दोर लावून ओढली, वहिनी," त्याने नागुबाईला सांगितले. "दांड्याला हात लावला न्हाई."

तिने मान हलवली. मला बोलता येत असते तर मी काय सांगितले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक गप्पच राहिले असते.

त्यानंतर दोन पावसाळे मी त्या कडुनिंबाखाली काढले.

नागुबाईने मला टाकून दिले नव्हते, मित्रांनो. तसे झाले असते तर सांगायला सोपे होते. तिने मला फार जपले. रोज पहाटे ती बुद्धाच्या मूर्तीपुढे वंदना म्हणायची, मग बाहेर येऊन माझे दार उघडायची आणि दांड्यावरची धूळ पदराने पुसायची. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून मला धुवायची. काचा, दारे, आणि मग चाके. चाकांवर तांब्यामागून तांब्या ओतायची. ते पाणी ड्रमच्या फटीतून आत जायचे. चालती गाडी असती तर पहिल्या दोन ब्रेकांच्या उष्णतेने ते उडून गेले असते. मी उभी होते, म्हणून ते आतच राहिले. धरून बसलेल्या शूंचे लायनर ड्रमच्या ओल्या लोखंडाला टेकून होते. गंजाने ते त्याला चिकटत गेले.

हौद्यात शेवटच्या फेरीचा पाला तसाच होता. तो नरसिंगने अंथरला होता, म्हणून तिने त्यालाही झाडू लावला नाही. पावसात तो भिजायचा, कुजायचा, त्यावर निंबोळ्या पडायच्या. खाली माझ्या पत्र्याला आणि चासीला ओल लागून राहायची. मला ते कळत होते. आतून कोणीतरी हळूहळू कुरतडावे, तसे ते होते.

आनंदराज येई तेव्हा म्हणे, "वहिनी, इकून टाका. उभ्या उभ्या मरून राहिली ती."

नागुबाई उठायची. चहा आणून ठेवायची.

मग एका उन्हाळ्यात लुंबिनी शिक्षण संपवून घरी आली. तिने नांदेडला असताना गाडी चालवायला शिकून घेतले होते. परवाना आईच्या हातात देऊन ती म्हणाली, "माय, गाडी मी चालवते. दयानंदकाकांच्या मळ्यातले घड पुढच्या हप्त्यात उतरून राहिले. गाडी तयार असंल तर लातूरची फेरी मला देतो म्हणले."

"बापाला चालवून काय भेटलं तुझ्या?"

"माझं शिक्षण की. मला शिकवलं ह्याच गाडीनं."

नागुबाई बराच वेळ परवान्यावरचा लेकीचा फोटो बघत राहिली. "बरं, इंजिन लावून बघ," ती शेवटी म्हणाली. "पर दांड्याला हात लावायचा न्हाई."

एवढ्यावरही लुंबिनी हसली. दोन पावसाळ्यांत त्या अंगणात मी हसू पाहिले नव्हते.

रविवारी तिने वीरभद्र मिस्त्रीला बोलावले. त्याचे अर्धापूरला रस्त्याकडेला गॅरेज आहे. तो नरसिंगचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ आणि ऊठसूट पैजा लावणारा. स्कूटरवर पुढे बॅटरी ठेवून तो आला. आनंदराजही त्या दिवशी आलेला होता.

"काय गं लुंबिनी, येवढं शिकून डायव्हर व्हायलीस?"

"डायव्हर न्हाई, मालक. डायव्हर लागला तर तुमाला सांगते."

"बापाचंच तोंड हाय," तो आनंदराजला म्हणाला. बॅटरी लावून तो आत बसला आणि त्याचा हात सवयीने दांड्याकडे गेला.

"मिस्त्री," नागुबाई दारातून म्हणाली, "तेवढं सोडून बाकी कायबी करा."

"अक्का, हँडब्रेक न सोडता गाडी न्यायची म्हंजे दावं न सोडता बैल शेतात न्यायचा."

"तसंच न्या."

वीरभद्रने लुंबिनीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. "माझं अन् मायचं तेवढंच ठरलंय, काका."

"बरं. जुन्या गाडीचा हँडब्रेक तसाबी नावालाच असतो. जोर दिला की निघंल."

त्याने किल्ली फिरवली. मी खोकले, काळा धूर सोडला, पुन्हा खोकले आणि सुरू झाले. मित्रांनो, आपला स्वतःचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकणे म्हणजे काय असते ते मी सांगू शकत नाही. बसलिंगप्पा काठी टेकत कुंपणाशी आले. वीरभद्रने गिअर टाकला, क्लच सोडला. माझे नाक वर उचलले गेले, पाठ खाली बसली आणि इंजिन बंद पडले. दुसऱ्यांदाही तेच झाले.

"मागून धरलंय हिला," तो खाली उतरत म्हणाला. "मागचा ब्रेक सिलिंडर अडकला. पैज लावतो."

"हरलात तर?"

"तर तुझ्या पयल्या फेरीला हमाल म्हणून येतो."

त्याने एकेक करून माझी चाके जॅकवर उचलली. पुढची दोन हाताने फिरवली तर कुरकुरत फिरली. मागची दोन हलेचनात. मग तो लुंबिनीला जवळ बोलावून सांगू लागला. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने लागतो. तो दाब आत कोंडून राहिला असेल, तर चाकामागचा तेल सोडायचा निपल ढिला केला की दाब निघून जातो आणि चाक सुटते. त्याने निपल ढिला केला. काळे तेल टिपूस टिपूस गळले. लुंबिनीने चाकाला जोर दिला. चाक तसेच.

वीरभद्रने दुसऱ्या चाकालाही तेच करून पाहिले, मग तेलाचे बोट कपड्याला पुसले. "हरलो. तेलाचं दुखणं न्हाई हे. तारेचं हाय."

 तार वर कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक होते.

"अक्का," तो जरा नरमाईने म्हणाला, "वरचा दांडा तसाच ऱ्हाऊ द्या. मी खालून तार ढिली करून बघतो."

तो माझ्याखाली शिरला. गंजलेल्या नटावर तेल सोडले, वाट पाहिली, पाना लावला, शिव्या घातल्या, पुन्हा वाट पाहिली. शेवटी नट फिरला. पुढची तार सैल होऊन लोंबू लागली. चाकांकडची मात्र तसूभर मागे गेली नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत लाल गंज भरला होता.

"नळीतच गंजून बसली हाय. कापावी लागंल. मंग ड्रम ठोकून काढतो."

"कापल्यावर दांडा?" नागुबाईने विचारले.

"वरच ऱ्हाईल की. जसा हाय तसा."

"अन् त्याच्या टोकाला?"

"टोकाला काय न्हाई ऱ्हाणार, अक्का."

नागुबाई उठून उभी राहिली. "मंग न्हाई कापायची."

"माय," लुंबिनी म्हणाली. तिचे हात तेलाने काळे झाले होते. "दांडा वर ठेवल्यानं पप्पा येत न्हाईत. त्या दिवशी मला गाडी चालवता आली असती, अन् मी घरी असते..."

नागुबाईने लेकीकडे पाहिले नाही. ती माझ्या दाराला धरून उभी होती.

तेव्हा आनंदराज बाजेवरून उठला आणि जवळ आला.

"वहिनी, एक सांगतो. रागवायचं तर रागवा. तो ब्रेक दादाचा न्हाई. मांडवाच्या दिवशी मी खाली केला, गाडी ढकलली, अन् मीच परत ओढला. जीपचं खोटं सांगितलं तुमाला."

मला वाटले, आता ती कोसळेल.

"मला ठाऊक हाय, भावजी," ती म्हणाली.

"ठाऊक हाय?"

"खिडकीत व्हते मी. जीपनं ओढली असती तर चाकं घासत गेली असती, मातीत चर पडले असते. चाकं फिरत गेली. मंग तुमी आत वाकले, तेबी पाहिलं."

"मंग येवढे दिवस बोलल्या कामून न्हाईत?"

"बोलले असते, तर मला धरायला काय ऱ्हायलं असतं?"

वीरभद्र हातातला पाना उगाच पुसत राहिला. बसलिंगप्पा कुंपणापासून मागे फिरले आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसले.

मग नागुबाई माझ्यात चढली. चालकाशेजारच्या आसनावर ती कितीदा तरी बसली होती. चालकाच्या जागेवर त्या दिवशी पहिल्यांदा बसली. तिने दांडा धरला. टोकाचे बटण गंजून घट्ट झाले होते. तिने दोन्ही अंगठ्यांनी ते दाबले. दांडा थोडा वर घ्यावा लागतो, मग खाली जातो. हे तिला कोणी सांगितले नव्हते, पण तिने इतकी वर्षे पाहिले होते. दांडा खाली आला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

ती तशीच बसून मागे वळून बघू लागली. "सुटली का?"

वीरभद्रने चाकाला हात लावला. दोन्ही हातांनी जोर दिला. "न्हाई, अक्का."

"मी सोडलं की."

"तुमी सोडलं," तो हळू म्हणाला. "चाकानं न्हाई सोडलं."

शेवटी तार कापली गेली. ड्रमवर चहूबाजूंनी हातोडीचे घाव बसले. ड्रम निघाला तेव्हा दिसले की लायनर शूवरून उखडून ड्रमलाच चिकटून राहिले होते. नागुबाईने वाकून त्यावरून बोट फिरवले. बोट लाल झाले.

दुसऱ्या दिवशी नवे लायनर बसले, सिलिंडरची रबरे बदलली. हँडब्रेकची नवी तार नांदेडहून आणायची होती, ती नंतर घालू असे ठरले. दुपारी लुंबिनीने मला सुरू केले आणि माझी मागची चाके फिरली. आधी अर्धा फेर, मग पूर्ण. तिने मला अंगणात गोल फिरवले. एकदा कुंपणाला घासणार होते, तर बसलिंगप्पा ओरडले, "अगं माझा जास्वंद!" आणि लुंबिनी हसून हसून स्टिअरिंगवर वाकली. नागुबाई बघत होती. तीही थोडी हसली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे थांबवता आली असती तर मी थांबवली असती.

नागुबाईनेच झाडू घेतला. "नव्या केळीला नवा पाला घालावा," असे म्हणून ती हौद्यात चढली आणि दोन पावसाळ्यांचा तो काळा चिखल लोटू लागली. पाल्याबरोबर पत्राही निघून येऊ लागला. झाडूच्या काड्यांनी, मित्रांनो. आधी तिला वाटले, वरचा गंज असेल. मग तिला पायाखाली जमीन दिसली.

वीरभद्र पुन्हा माझ्याखाली शिरला. त्याने चासीवर जिथे जिथे चिखल साठला होता तिथे पेचकस टेकवला. जुन्या जोडांच्या जागी तो सरळ आत गेला. वरून रंग होता, आत काही नव्हते.

"वेल्डिंग मारा, काका," लुंबिनी म्हणाली.

"कशाला मारू? धरायला लोखंड तर पायजे." या वेळी त्याने पैज लावली नाही. "रिकामी नांदेडपर्यंत जाईल, दमानं. पर घड भरले तर मधूनच वाकंल. अन् ती अंगणात न्हाई वाकणार. लोह्याच्या रस्त्यावर वाकंल, तुला घेऊन."

"वर्षभरापूर्वी असती तर?"

त्याने नागुबाईकडे पाहिले आणि म्हणाला, "आता ते कशाला इचारायचं."

नागुबाई झाडू हातात घेऊन कडुनिंबाच्या बुंध्याशी बसली. "मी जपून राहिले व्हते," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळले नाही. आनंदराज तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी घरातून वंदनेचा आवाज आला. जे जे जुळून आले ते ते विरून जाणार, असे ती रोज म्हणायची. त्या दिवशी तिथे तिचा आवाज थांबला. मी वाट पाहिली. मग लुंबिनीने पुढचे म्हटले.

दयानंदच्या मळ्यातले घड दुसऱ्या गाडीने लातूरला गेले. ती गाडी आमच्याच अंगणासमोरून गेली. लुंबिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मला न्यायला भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. लुंबिनीने नको सांगितले. "दोर लावून न्हाई न्यायची. मी चालवत नेते." नागुबाई तिच्या शेजारी बसली. माझी रिकामी पाठ हलकी वाटत होती. लुंबिनी फार छान चालवते, मित्रांनो. खड्डा आला की आधी वेग कमी करते, आणि मागे काही नसतानासुद्धा वळणावर असे वळवते, जसे घड भरलेले आहेत. अर्धापूर मागे पडले, नांदेड आले, गोदावरीचा पूल आला. पूल ओलांडताना नागुबाईने हात जोडले. त्या रस्त्याने मी सरळ लातूरला जाऊ शकेन, असे मला वाटत होते. पण पत्र्याच्या कुंपणाशी लुंबिनीने मला वळवले.

आवारातली जमीन उताराची आहे. तिने इंजिन बंद केले. तिचा हात दांड्याकडे गेला, तिने तो ओढला, आणि टोकाला तार नसल्याने तो अगदी हलका वर आला. तिने तो पुन्हा खाली ठेवला आणि नुसती पायाने ब्रेक दाबून बसून राहिली.

नागुबाई उतरली. कुंपणाच्या कडेला जाऊन तिने एक मोठा दगड शोधला, दोन्ही हातांनी उचलून आणला आणि माझ्या मागच्या चाकाला नीट लावला. हलवून पाहिला.

भंगारवाला हसला. "अक्का, हितून कुठं जाऊन राहिली ती आता?"

"न्हाई जात," ती म्हणाली. "तरीबी."

मग तिने लेकीला खुणेने सांगितले की आता पाय काढ. लुंबिनीने ब्रेकवरून पाय काढला. मी दगडाला टेकले. त्या दोघी हातात हात घालून रस्त्याकडे गेल्या. एक भरलेली गाडी जाईपर्यंत थांबल्या आणि पलीकडे निघून गेल्या.

उद्या किंवा परवा गॅसची ज्योत घेऊन माणसे माझ्याकडे येतील. त्याचे मला भय नाही. लोखंडाचे पुन्हा काहीतरी होते. पण तुम्ही इथवर आलात, तर माझे एक मागणे ऐका. तुमच्या घरात वारलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. कोणाची सायकल, कोणाचे शिवणाचे यंत्र, कोणाची विहिरीवरची मोटर. तिला फुले वाहून, पाणी घालून, झाकून ठेवू नका. ती वापरा. तिला तेल द्या, तिची धूळ झटका, ती चालते का ते अधूनमधून बघा. माझ्यावर त्या घरात कोणी राग केला नाही, कोणी मला मारले नाही. मला फक्त कोणी चालवले नाही. नागुबाईला तुम्ही नावे ठेवू नका. तिच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही दांडा धरूनच बसला असता.

एवढेच ध्यानात ठेवा, मित्रांनो. वेळेवर सोडले तर सुटते. उशीर झाला की सोडूनही सुटत नाही. मग कापावे लागते.